कमरेत बारीक, टोकाशी रुंद

उखा पेंटरचं अक्षर मी शंभर पाट्यांत ओळखते. काना कमरेत बारीक, दोन्ही टोकांशी रुंद. टोकाला वेगळे पाय चिकटवलेले नाहीत. दांडाच हळूहळू पसरत जातो, पावलाशी निऱ्या पसरतात तसा. सपाट ब्रश टोकाशी आला की उखा मनगट जरासं फिरवून दाबतो. बस, एवढंच. जमायला वर्ष लागतं.

अमळनेरकडचा हा माणूस बारा वर्षं सुरतेत उधन्याला कापडाच्या लूमवर होता. त्या खडखडाटात एक कान गेला, तेव्हा त्याने ब्रश धरला. शहाण्णव साली कॉम्प्युटरने कापलेली स्टिकरची अक्षरं आली आणि उखाची गिऱ्हाइकं पळाली. आमच्या डिंडोलीच्या मराठी शाळेची पाटीही हातची गेली तर परत लूमवर जायचं, असं त्याने घरी सांगून टाकलं होतं.

शाळा समितीचे अध्यक्ष बन्सीलालशेठ, साड्यांचे व्यापारी. त्यांना मशीनचं वेड. "एकदम सरळ, एकसारखं! हाताचं काम जुनं झालं, बाई."

"बाई, मशीन सरळ कापस," उखा मला म्हणाला, "पन ऊन कोपरा खाई जास."

"ऊन काय उंदीर आहे?" शेठ हसले.

तासभर हेच चाललं. मला असल्या सभांचा वीट आहे. मी म्हटलं, "दोन फळ्या करा, निळ्यावर पांढरं. एक मशीनची, एक उखाची. भर दुपारी गेटवर टांगा आणि रेल्वे फाटकापासून बघा. मुलं आणि त्यांच्या आया तिथूनच येतात."

वाचायला धुरपदाबाईला उभं केलं. माझ्या प्रौढ वर्गातली. अक्षरओळख होऊन वर्षच झालेलं. शिकलेला माणूस अर्धं अंदाजाने वाचतो, ही एकेक अक्षर पारखून घेते.

तिने कपाळावर हात धरला. उखाची फळी खडाखडा वाचली.

"आणि दुसरी?" शेठनी विचारलं.

"ती? ती ते झिजेल साबन शे!"

खरंच होतं. उन्हाच्या झगमगाटात मशीनच्या अक्षरांचे कोपरे गोल झाले होते. उखाची पसरलेली टोकं तेवढ्याच उन्हाने घासून नेमकी चौकोनी दिसत होती. शेठनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा.

"ठीक छे, ठीक छे. पाटी तुझी. खालचा पत्ताही असाच ठसक्यात काढ."

"नही, शेठ. बारीक अक्षरले कंबर दिधी ते रंग भराई जास. पत्ता साधाच ऱ्हाई."

नाव ठसक्यात, पत्ता साधा, अशी पाटी लागली. महिन्याभरात फाटकाजवळच्या तिघांनी उखाला बोलावलं. चौथे शेठ स्वतः, दुकानाच्या बोर्डासाठी.

"उद्यापासून ये."

"उद्या नही," उखा ब्रश धुता धुता म्हणाला. "आधी फाटकना रसवाला, मंग किरानावाला, मंग दवाखाना, मंग तुम्ही."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मशीनकडे रांग नसते, शेठ. तिकडे जा."

ते गेले नाहीत.