बंद मशीनपुढची प्लेट

लॅबमधल्या गोष्टींचं यीस्टसारखं असतं. झाकून ठेवल्या तरी वाढतात. सांगलीच्या आमच्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट, आणि गोष्टी वाढवायच्या कामात मी कधी आळस केलेला नाही. तरी खालचं बरंचसं खरं आहे.

आमच्या सुलभा मॅडम यीस्टच्या पेशींवर मायक्रोवेव्हचे झटके सोडतात. सलग नाही, थांबून थांबून. त्यानं पेशींची वाढ बदलते का, ते बघायचं. यीस्टची एक प्लेट मशीनच्या पेटीत झटके खाते. दुसरी त्याच पेटीत तेवढाच वेळ बसते. पेटीचा पंखा फिरतो, मशीन मात्र बंद.

मशीन दुरुस्त करतात माधवनगरचे इब्राहिमभाई, मोटर रिवाइंडिंगवाले. हा प्रकार पहिल्यांदा बघून ते म्हणाले, "आवं मॅडम, बंद मशीनम्होरं बसवून त्या बिचारीला का फसवताय?"

"फसवत नाही. ती नसेल तर पहिलीला काय झालं, ते कळणार कसं?"

"म्हंजी सोबतीला बसवलीय म्हना की."

*

तासगावच्या एका द्राक्षवाल्याला मी थाप मारली, की आमच्या मशीनमध्ये चुटकीसरशी बेदाणा होतो. गडी घड घेऊन हजर! मॅडम मीटिंगला गेलेल्या. मी घड गुपचूप कॅन्टीनच्या ओव्हनमध्ये फिरवून आणला.

त्यानं एक मणी चाखला. बराच वेळ विचार केला. "बेदाणा न्हाई झाला. पर मुरांबा लय भारी हाय. मशीन केवढ्याला?"

*

एकदा कोयनेकडं धरणी हलली आणि इकडं आमची फळी. प्लेट्सची झाकणं घरंगळली, आणि कुठली प्लेट कुठली याच्या खुणा नेमक्या झाकणांवर. एका प्लेटमध्ये वाढ दुसरीच्या दुप्पट होती. मॅडम कधीपासून ज्याची वाट बघत होत्या, ते हेच.

मी म्हटलं, "जास्त वाढलेली झटक्यांचीच असणार. लावू का झाकण?"

मॅडमनी दोन्ही प्लेट्स टाकून दिल्या. "अंदाजच करायचा तर मशीन कशाला?"

पुढच्या खेपेला झटक्यांच्या प्लेटचीच वाढ कमी भरली.

*

मग एका भर उन्हाळ्यात इब्राहिमभाई गळ्याला मफलर बांधून आले. मी थट्टा करणार, तेवढ्यात त्यांनी मफलर सोडला. गळ्याला गाठ होती. मिरजेच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला होता, किरणं घ्यायला बोलावलं होतं.

"तिथं आत एकट्याला निजवून दार लावत्यात म्हनं. हे मशीन आपल्या हातचं हाय. दोन झटकं हितंच द्या, मॅडम."

"या झटक्यांनी पेशी वाढतात की मरतात, मला अजून ठाऊक नाही. गाठ वाढली तर?"

"वाढंना का. तिथं मी जात न्हाई."

"मग इथंही नाही. तिथं जा, इब्राहिमभाई. लवकर जा."



*

दोन-तीन दिवसांनी ते परत आले. म्हणाले, "झटकं नगं. नुसता बसतो."

मॅडमनी मशीनची पिन भिंतीतून काढली आणि नुसता पंखा लावला. इब्राहिमभाई पेटीसमोर स्टुलावर बसले. मॅडमनी दुसरं स्टूल ओढलं आणि शेजारी बसल्या. प्लेट बसते तेवढा वेळ दोघं बसून होते.

पंखा थांबल्यावर त्यांनी मफलर गुंडाळला.

"उद्या जातो मिरजेला. पर मॅडम, तुमी दाराभाईर बसा. बंद मशीनची एक प्लेट लागतीच की."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "सकाळी मिरजेची पहिली बस कितीला असते हो?"