रेडिएटरमधली घरघर

वडील गेले त्याच आठवड्यात मोटारीच्या पुढच्या झाकणाखालून तो आवाज यायला लागला.

वडील डॉक्टर. अल्लीपूरच्या आसपासच्या खेड्यांत फिरण्यासाठी त्यांनी ही जुनी मोटार घेतली होती. कुठे जायचं नसलं तरी रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी घालून थोडा वेळ इंजिन चालवायचं, असा त्यांचा नेम होता. त्यांच्यामागे तो मी पाळला. पाणी मात्र आई घालायची.

चौथ्या दिवशी मी इंजिन बंद केलं आणि आत काहीतरी चालूच राहिलं. ओली, अडखळती घरघर. थांबली म्हणावं तोच पुन्हा ओढून सुरू होई. वडिलांच्या छातीत शेवटी असाच आवाज होता. आई झाकणाला कान लावून उभी होती.

पुढे तो आवाज रोज यायचा. अस्थींचं गाठोडं दारच्या कडुनिंबाला टांगलेलं होतं. तेरावं झालं तरी आई ते काढू देईना.

"ह्याइचा दम सुरू आहे," ती म्हणाली. "दम सुरू असतानी राख कशी सोडतं तू?"

तिने जेवण सोडलं. मग मी हिंगणघाटहून मिस्त्रीला बोलावलं.

त्याने चालत्या इंजिनवर लांब पेचकसाचं टोक टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकून मान हलवली. "इंजिन साफ आहे मास्तर. पाणी उकळून राह्यलं. जाळी तुंबली."

गाडी निवल्यावर त्याने रेडिएटरच्या तोंडात बोट घातलं. काळे, फुगलेले दाणे निघाले.

"तीळ? काऊन मास्तर, गाडीची संक्रांत केली काय?"

मी आईकडे पाहिलं. दहा दिवस मी विहिरीवर वडिलांना तिलांजली देत होतो. तांब्यात उरलेलं पाणी दाराशी ठेवायचो.

"ह्याइच्या नावाचं पाणी होतं," आई हळूच म्हणाली. "अजून कोठी टाकणार होती मी?"

खालचा नळा काढून मिस्त्रीने उलट्या बाजूने पाणी सोडलं. अंगणातल्या मातीवर तीळ वाहत राहिले. मग इंजिन चालवून बंद केलं. आत काहीच वाजलं नाही.

आई झाकणावर हात ठेवून उभी राहिली. लोखंड गार होईपर्यंत तिने हात काढला नाही. नंतर स्वतःच कडुनिंबावरचं गाठोडं सोडलं आणि मांडीवर घेऊन गाडीत बसली.

पुलगावजवळ नदीवर पोचलो. मी इंजिन बंद केलं. दार उघडायला दोघांपैकी कोणीच हात पुढे केला नाही. खाली पाणी वाहत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "चाल."