ग्राफिक्सले वाढली अर्धी मेमरी

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. लॅपटॉपच्या एका सेटिंगपायी मी बायकोची नोकरी कशी घालवत होतो, ते सांगतो.

आमची सुनीता गणिताची मास्तरीण. ऑनलाइन शिकवायची चांगली नोकरी चालून आली होती. फक्त परीक्षकांसमोर पाचवीचे अपूर्णांक शिकवून दाखवायचे होते.

लॅपटॉप जुना, चार जीबी मेमरीचा. पण त्यात मी स्वतः ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू करणारा मूळ प्रोग्राम, टाकलेलं! कंपनी ज्या सेटिंगांले हात लावू देत नाही, त्या सगळ्या माझ्या हातात. धरमपेठेत कोणी चहा पाजला की मी हेच सांगत बसतो.

त्या सकाळी मेनू उघडला, तर ग्राफिक्सच्या वाट्याले बत्तीस एमबी. मले कसंतरीच झालं. एवढ्यात काय होते गा? पंगतीत वाढायले उभा राहिलो की मी पाहुण्याचं 'नको नको' ऐकतच नाही. इथंही तेच केलं. बायकोचा चेहरा चकाचक दिसला पाहिजे म्हणून अर्धी मेमरी ग्राफिक्सले देऊन टाकली.

ती बाकीच्या लॅपटॉपच्याच ताटातून जाते, हे मले माहीत नव्हतं का? होतं. पण उत्साह!

मीटिंग सुरू झाली. सुनीता "नमस्कार" म्हणाली अन् स्क्रीनवर तिचं तोंड उघडंच राहिलं. माउसही हलेना.

"काहो, हे काहून अटकलं?"

"थांब ना वं. चेहरा किती साफ दिसून राहिला, पाह्य."

"साफ दिसून राहिला, पण हलून नाही राहिला ना! काय केलं तुम्ही?"

सांगितलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पलंगाच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. नोकरी गेली तर या घरात मले जेवण कोण देणार, हाच विचार डोक्यात.

तिनं मोबाइलवरून मीटिंग लावली अन् शांतपणे सुरू झाली, "मुलांनो, एका माणसाकडे चार पोळ्या होत्या. घरातले सगळे उपाशी, आणि यानं अर्ध्या पोळ्या भिंतीवरच्या फोटोला वाढल्या. उरल्या किती?"

परीक्षक पोट धरून हसले. नोकरी लागली.

मी लगेच ताठ झालो. "शेवटी माझ्यामुळंच लागली ना?" तिनं लॅपटॉपकडं बोट दाखवलं. मी गुपचूप सेटिंग होती तशी करून टाकली.

आता ती प्रत्येक वर्गाले त्याच पोळ्यांवरून अपूर्णांक शिकवते. परवा तिचा तास चालू असताना मी मागं कपडे घडी करून राहिलो होतो. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, असा येडा माणूस खरंच असतो का?"

सुनीतानं नुसता लॅपटॉप माझ्याकडं वळवला. मी पोरांले नमस्कार केला.