मोठ्यानं सांगितलेलं माप

शिंपीमास्तर तीस वर्षं खरं बोलत आले होते, आणि तेही मोठ्यानं. बाकीचे शिंपी जाड्या गिऱ्हाइकाचा आकडा वहीत गुपचूप उतरवतात. मास्तर अख्ख्या गल्लीला ऐकवत, "कंबर चव्वेचाळीस." गिऱ्हाईक पोट आत ओढी, तर मास्तर शांतपणे त्याचा श्वास संपायची वाट बघत. टेप खोटं बोलत नाही, मग मी का बोलू, हे त्यांचं तत्त्व. दुनियेच्या कोटांची अस्तरं ते रोज उलटून बघत. हे तत्त्व मात्र त्यांनी कधीच उलटून बघितलं नव्हतं.

अशात दादाचा, म्हणजे थोरल्या भावाचा निरोप आला. वहिनीला नवा कोट शिवायचाय, उद्या घेऊन येतो. वहिनी चार महिने आजारी होती. मास्तरांना लहानाचं मोठं तिनंच केलेलं. वहीत तिचं गेल्या वर्षीचं माप होतं, कंबर छत्तीस. आता किती भरणार याच्या धास्तीनं मास्तरांनी एकाच सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावल्या.

घरी जाऊन त्यांनी बायकोला विचारलं, माणसानं खोटं का बोलू नये?

"लोक विश्वास ठेवतात म्हणून," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "तुमचं तसं नाही. तुम्हाला गिऱ्हाइकाचं पडलेलं तोंड बघायला आवडतं."

मास्तर भडकले. पण भडकल्या भडकल्या चव्वेचाळीसवाल्याचा चेहरा आठवून त्यांना हसू फुटलं, आणि मग मात्र ते हादरले. तीस वर्षांचं खरं बोलणं नेमकं कशावर उभं होतं?

दुसऱ्या दिवशी दादा बाहेर बाकावर बसला आणि वहिनी पडद्याआड आली. टेप फिरली. एकोणतीस. जन्मात कुणाला विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "वहिनी, सांगू का?"

"मला सांग, हळूच. त्यांना नको. आधीच जेवण जात नाही त्यांना."

मास्तरांनी कानात आकडा सांगितला.

"मला वाटलं सत्तावीस असेल," वहिनी म्हणाली.

मग पडद्याकडे तोंड करून मास्तर नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "कंबर पस्तीस."

बाहेर दादानं सुस्कारा सोडला. शेजारच्या गिऱ्हाइकाला तो सांगू लागला, "हा म्हणतोय म्हणजे तेवढीच असणार. आमचा धाकटा खोटं बोलत नाही."

वहिनीनं मास्तरांचा हात थोपटला. मास्तरांनी टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"आणि खांदा किती रे?" दादानं बाहेरून विचारलं.