चुलत्यांचा दहावा आणि एक लांबची दीर्घिका

निरगुडसरला माझ्या चुलत्यांचा दहावा होता, आणि नदीकाठी ज्याच्या हातात माइक येई तो त्यांच्यापेक्षा माझ्याबद्दलच जास्त बोले. "तात्यांनीच या पोरीला आभाळ दाखवलं," असं एका पुढाऱ्याने सांगितलं. मी दातओठ खात बसून राहिले.

आभाळ त्यांनी दाखवलं नव्हतं, झाकलं होतं. बारावीनंतर मला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. घरात थोरले म्हणून शब्द त्यांचा चाले. "पोरीला तारं मोजायला धाडून काय करायचंय? भाकरी थापू दे," ते म्हणाले आणि माझी वर्षं कांद्याच्या चाळीत गेली. शेवटी वडिलांनी त्यांच्याशी भांडून मला पुण्याला पाठवलं. त्यानंतर चुलते आमच्या उंबऱ्यावर आले नाहीत. वडिलांच्या मयतालाही नाहीत.

पुढे मी जुन्नरकडच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला लागले. आमच्या गटाला एका फार लांबच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची पुसट खूण सापडली. ती रेडिओ लहर तिथून निघाली तेव्हा विश्व कोवळं होतं, पृथ्वीचा पत्ताही नव्हता. कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीच्या ठिणगीनं दुर्बिणीत उमटलेली खरखर तर नाही ना, म्हणून आम्ही ती महिनोन्महिने तपासली. पेपरात बातमी आली आणि गावच्या चौकात फ्लेक्स लागला. मधोमध चुलते, हात जोडून. कोपऱ्यात मी, दीर्घिकेपेक्षा जराशी मोठी.

त्याच चौकात चारचौघांसमोर त्यांना जाब विचारायचा, असं मी ठरवलं होतं. त्याआधीच ते गेले. मेलेल्यावर राग धरू नये म्हणतात. पण ती दीर्घिका आज आहे की नाही कुणाला ठाऊक, म्हणून तिची लहर काही वाटेतून माघारी फिरली नाही. माझा राग तरी का फिरावा?

पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. नातवंडांना सांभाळू, गाय विकणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. ऊन तापलं. मग चुलतभाऊ माझ्याजवळ आला.

"ताई, शेवटी ते तुझंच नाव घेत व्हते. तू फकस्त म्हण, माझ्या मनात काय न्हाई. लगीच शिवंल बघ."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी उठले, पिंडासमोर जाऊन हात जोडले.

"तात्या," मी म्हणाले, "माझ्या मनात आहे."

आणि जागेवर येऊन बसले. भटजींनी अजून थोडी वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. चुलती माझ्याकडे न बघता निघून गेली.

पंगतीला मी बसले. वडील गेल्यापासून इतकं पोटभर जेवले नव्हते.