मावशीच्या कॅमेऱ्याची केबल मी दुरुस्त करतो

आमच्या घरात दुरुस्तीची हौस फक्त मला आहे, आणि त्यामुळे आमच्या घरात बऱ्याच वस्तू आता नाहीत.

नलूमावशीचा कॅमेरा मात्र आहे. (तो वाचला याचं श्रेय माझं नाही.) मावशीने भांडुपला एकटीने फोटो स्टुडिओ चालवला. स्टुडिओ बंद झाला, पण काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचा तो अगडबंब लाकडी कॅमेरा अजून तिच्या हॉलमध्ये ऐसपैस उभा असतो. पाहुण्यांनी बाजूला सरकून बसायचं! अर्ध्या भांडुपने त्याच्यापुढे बसून फोटो काढून घेतले. बसली नाही ती माझी आई, मावशीची सख्खी थोरली बहीण. म्हणायची, "धाकटी मला 'हलू नकोस' सांगणार आणि मी ऐकणार? छट!"

यंदा पंचाहत्तरीला आई अचानक म्हणाली, "काढ बाई एकदाचा."

मावशीने जपून ठेवलेल्या फिल्मच्या शेवटच्या दोन शीट बाहेर काढल्या. "एक फोटोसाठी, एक चुकीसाठी," ती म्हणाली. चूक कोण करणार, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं.

अडचण एकच. कॅमेऱ्याला धक्का न लावता शटर उघडायला एक लवचिक केबल असते. टोकाचं बटण दाबलं की आतली तार पुढे सरकते आणि शटर उघडतं. त्या केबलवरचं कापडी वेष्टण जुनं होऊन पार झिजलेलं.

"मी बघतो ना!" मी म्हणालो.

"नको!" बायको, आई आणि मावशी एका सुरात म्हणाल्या. या तिघींचं एकमत मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण मावशी आईला साडी नेसवायला आत गेली आणि मी झटकन चिकटणारा ग्लू काढला. सुटलेले धागे चिकटवले. झकास दिसलं! मग खात्री म्हणून आणखी एक हात. मग खात्रीची खात्री म्हणून आणखी एक.

कॅमेरा मावशीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरवला. सावलीत घरची मंडळी दोन रांगांत बसली. मधे आई, नऊवारीत, ताठ. प्रकाश कमी, म्हणून बटण दाबून मनात अंक मोजायचे आणि सोडून द्यायचं, तोवर शटर उघडं, असा मावशीचा बेत.

"हलू नका!" मावशीने बटण दाबलं. मोजलं. सोडलं.

बटण वर आलंच नाही! ग्लू आत झिरपला होता. शटर सताड उघडं.

"हलू नका, हलू नका!" असं ओरडत मीच धावलो आणि केबल ओढली. कॅमेरा हलला. मागच्या रांगेतले काका शिंकले. वॉचमनने शिट्टी वाजवून मधे एक रिक्षा आणली. आई मात्र दगडासारखी स्थिर! आयुष्यात पहिल्यांदा धाकटीचं ऐकत होती, आणि नेमकं आत्ता!

मावशीने शांतपणे लेन्सवर टोपी बसवली, केबलचा आटा फिरवून ती सोडवली आणि वास घेतला.

"मेल्या, ह्यां काय केलंस?" मावशी फार चिडली की सरळ मालवणीत शिरते. "तुका कोणी सांगल्यान?"

"संपलं ना? उठू मी?" आई.

"बस गो गप!" मावशी गरजली. आणि आई चक्क बसली.

मग मी जे पाहिलं त्याला तोड नाही. मावशीने माझ्या भाचीच्या पर्समधून नेलपॉलिश रिमूव्हर मागवला. थेंब थेंब सोडत, बटण हळूच मागेपुढे करत, माझं सगळं कर्तृत्व विरघळवलं. शिलाई मशीनचं तेल घातलं. चिकटलेलं वेष्टण सोलून काढलं आणि आतल्या, तारेभोवतीच्या स्प्रिंगसारख्या नळीवर आपल्या भरतकामाचा लाल रेशमी दोरा गुंडाळायला घेतला, वेढ्याला वेढा खेटून. सांधा कुठे दिसेना! सत्तरी ओलांडलेली बोटं, पण एकदाही थरथरली नाहीत. वर तोंडाने काकांना "शिंकून घ्या आत्ताच" हे चालूच. आख्खं पार्किंग माना उंचावून बघत होतं. रिक्षावालासुद्धा मीटर बंद करून उतरला.

शेवटी तिने बटण दाबलं, सोडलं. खट. खट. "आता कशी लोण्यासारखी चालते बघ!" स्वतःवर खूश व्हायला मावशीला कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटची शीट आत गेली. मी कॅमेऱ्याजवळ मदतीला उभा राहिलो, तर मावशीने दंड धरून मला पहिल्या रांगेत, थेट आईशेजारी बसवलं. मी शर्टाची कॉलर नीट केली. एवढं करूनही हा मान!

"मावशी, इथे मी कशाला? काकांना बसव ना."

"बस तिथेच," काळ्या कापडात शिरत मावशी म्हणाली, "आणि दोन्ही हात मांडीवर. मला ते सारखे दिसायला हवेत."