दहाला बंद होणारी नदी

मला पोहता येत नाही, म्हणून आमच्या राफ्टिंगच्या सहलीचं नियोजन मी स्वतःकडे घेतलं.

घरात हे कोणाला खटकलं नाही, कारण मी ही गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. (लग्न ठरताना सुनीताला मी 'नदी आरपार पोहायचो' असं सांगितलं होतं. कोणती नदी, ते तिनं विचारलं नाही.) मृण्मयीला, आमच्या एकुलत्या मुलीला, कोलाडच्या नदीवर न्यायचं वचन मी तिच्या दहावीपासून देत होतो आणि दर वर्षी पाठदुखीवर ढकलत होतो. आता तिला बंगळूरला नोकरी लागली. मंगळवारची गाडी. मध्ये एकच शनिवार-रविवार!

"बाबा, पाठ कशी आहे?"

"ठणठणीत!" तोंडातून निघून गेलं.

कोलाडला फोन केला. तिथला गाईड म्हणाला, "सर, नऊच्या आत पोचा. धरणाचं पाणी सकाळी सोडतात, दहाला बंद. मग नदीत नुसते दगड."

दहाला बंद! मी कसबा पेठेत वाढलेला माणूस. एक ते चार मिटलेल्या दुकानांसमोर उभं राहण्यात माझं बालपण गेलं. पण इतक्या उपयोगी वेळेची नदी प्रथमच भेटत होती. फक्त उशिरा पोचायचं! (माझ्या पापाची सुरुवात इथे होते.)

मी वेळापत्रक करून फ्रिजला चिकटवलं. साडेपाचला प्रस्थान. मंडईत काकड्या, चाळीस मिनिटं. नाश्ता, एक तास. घाटात दृश्य पाहणे, पंचवीस मिनिटं.

आईनं चष्मा लावून वाचलं. "पंचवीस मिनिटं? अरे, सुनीताला बघायला गेलो तेव्हा तू पाच मिनिटांत उठलास!"

"अहो, काकड्या कोलाडला मिळत नाहीत का?" सुनीता म्हणाली.

"मंडईसारख्या नाही मिळत."

या उत्तरावर पुण्यात कोणी वाद घालत नाही.

संशय नको म्हणून शुक्रवारी मी दिवाणावर सरावही घेतला. सुनीता आणि मी पुढे, हातात वल्ह्यांऐवजी झाडू; मृण्मयी मागून आज्ञा सोडत होती. "फॉरवर्ड! बॅक! फॉरवर्ड!" दिवाण खोलीभर सरकला. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरचे काका दारात.

"आपण घर सोडताय का?"

"नाही, काका."

"अरेरे. आवाजावरून उगाच आशा वाटली."

शनिवारी माझं वेळापत्रक मिनिटाला मिनिट पाळलं गेलं. पावणेअकराला आम्ही चौघं काठावर होतो. समोर दगड, आणि त्यांच्यामधून लाजल्यासारखं वाहणारं थोडं पाणी.

"बंद झाली, सर," गाईड म्हणाला.

मृण्मयी भांडली असती तर मी सुटलो असतो. ती फक्त एका दगडावर बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली. तेवढ्यानं माझा धीर सुटला.

"मृण्मयी, मला पोहता येत नाही. मी मुद्दाम उशीर केला. पाठसुद्धा कधी दुखली नव्हती!"

सुनीता म्हणाली, "पोहण्याचं मला लग्नानंतर आठवड्यातच कळलं. तुम्ही डोक्यावर तांब्या ओततानाही नाक धरता."

"आणि पाठीचं?" मी विचारलं.

"ते आत्ता कळलं. बाकीचं घरी गेल्यावर बोलू."

आई गाईडकडे वळली. "उद्या किती वाजता उघडते ही?"

"साडेआठला, आजी."

"मग आज इथेच राहायचं. हा माणूस आठला काठावर उभा असेल. जबाबदारी माझी."

रविवारी आठला मी काठावर होतो. हेल्मेट, लाइफ जॅकेट. मृण्मयी माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, नाही आलात तरी चालेल."

"चल," मी म्हणालो. आयुष्यात एवढं शूर वाक्य मी दुसरं बोललेलो नाही.

दुसऱ्याच लाटेला मी राफ्टबाहेर होतो! नाकातोंडात अख्खं धरण. जॅकेटनं मला तरंगत ठेवलं, एवढ्यात कोणीतरी खांद्याच्या पट्ट्याला धरून मला गोणीसारखं राफ्टमध्ये ओढलं, डोकं आत आणि पाय हवेत. गाईड पोचायच्या आतच मृण्मयीनं काम उरकलं होतं.

काठावरच्या फोटोग्राफरनं नेमका तोच क्षण टिपला. फोटो मी मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं दाखवतो, "ही आमची मृण्मयी. एका हातानं माणूस वाचवला!"

फोटोत हवेत दिसणारे ते दोन पाय कोणाचे, हे सांगायला आई शेजारीच बसलेली असते.